सुमनआक्कांचं नव्वद पर्सेंटाइल

मॅनेजमेंट कॉलेजात शिकवायची नोकरी लागली तेव्हा मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी निदान कुणीतरी हसून 'या' म्हणेल. खिडकी नंबर एकमागच्या बाईंनी माझा रुजू झाल्याचा अर्ज चष्म्याच्या आतून वाचला, मग चष्म्याच्या वरून मला वाचलं आणि कागद गजांतून परत सरकवला.

"अपुरं हाय, सर."

"काय राहिलं?"

"तारीख हाय, वेळ न्हाय. सकाळी रुजू झालासा का दुपारी, कसं कळायचं?"

मी बाजूला जाऊन 'सकाळी साडेदहा' असं लिहून आणलं. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट केलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"साडेधाला तुम्ही कुठं रुजू झालतासा? साडेधाला तुम्ही अपुरा अर्ज घेऊन आलतासा."

मी 'अकरा वाजून सात मिनिटे' लिहिलं, त्यातली दोन मिनिटं लिहिण्यासाठी धरून. तेव्हा कुठं शिक्का बसला. मग त्यांनीच स्टूल पुढं ओढलं, "बसा की सर, च्या घ्या," म्हणाल्या आणि पहिला घोट घेऊन चहाबद्दलही तेच मत दिलं: "साखर अपुरी हाय."

या सुमन चौगुले. हजेरीपटावर चौगुले मॅडम, बाकी सगळ्यांना सुमनआक्का. आमचं कॉलेज निपाणी आणि संकेश्वरच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत. तिन्ही बाजूंना ऊस आणि चौथ्या बाजूला 'जागतिक दर्जाचे व्यवस्थापन शिक्षण' ही पाटी. ऊस वाढला की पाटी झाकायची, म्हणून संस्था दर दोन वर्षांनी खांब उंच करायची. आत फारसं काही वाढत नव्हतं. साठ जागांच्या वर्गात पंचवीस मुलं जमली की संचालक मंडळ पेढे वाटायचं.

आक्का मूळच्या निपाणीच्या. आई विड्या वळायची. लहानपणी आईच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि पंचवीस-पंचवीसच्या जुड्या मोजून बांधायच्या, हे त्यांचं काम. त्यामुळं पाढे त्यांच्या तोंडात नव्हते, बोटांत होते. कुठलाही हिशेब आला की उजव्या हाताचा अंगठा बोटांवरून भराभर फिरायचा आणि समोरच्याचा मोबाईल खिशातून निघेपर्यंत उत्तर आलेलं असायचं. यजमानांचं खताचं दुकान, मुलगा पुण्याला. वीसेक वर्षं त्या याच खिडकीत बसून एमबीएचे अर्ज घेत होत्या, म्हणजे बहुतेक परत देत होत्या. जुने रजिस्ट्रार गेल्यापासून सहा वर्षं त्यांचं कामही आक्काच करत. फक्त कागदावर पदापुढं 'प्रभारी' असं लिहावं लागे.

मग बेंगळुरूहून नवे डायरेक्टर आले. ते कॉलेजला 'ब्रँड' म्हणत आणि उसाला 'ग्रीन सराउंडिंग'. पहिल्याच बैठकीत त्यांनी जाहीर केलं की रजिस्ट्रारचं पद आता कायम भरायचं आणि त्यासाठी एमबीए लागेल. सगळ्यांच्या माना आक्कांकडं वळल्या. डायरेक्टर गोड हसले.

"मॅडम, तुमच्या अनुभवाचा आदर आहे. पण अनुभव वेगळा, ॲप्टिट्यूड वेगळं."

बैठक संपल्यावर आक्का माझ्याकडं आल्या. मी बिझनेस कम्युनिकेशन शिकवायचो, म्हणून इंग्रजी शब्दांची दुरुस्ती माझ्याकडं असे.

"सर, ॲप्टिट्यूड म्हंजे काय वो?"

"अंगचा कल. उपजत कुवत म्हणा."

"ती मोजत्यात न्हवं, प्रवेश परीक्षेत?"

"तसा दावा आहे."

"मग मोजून घेऊ की. जन्म गेला लोकांचे फॉर्म बगण्यात. एक आपला भरू."

तेव्हा त्यांना पन्नासावं सरत आलं होतं. कर्नाटकची वेगळी परीक्षा होती, महाराष्ट्राची वेगळी. आक्कांनी दोन्ही सोडून सगळ्या देशाची होती ती धरली. "हिकडचं का तिकडचं, ह्यात उगंच कशाला पडायचं," म्हणाल्या. खरं तर आमच्या कॉलेजात शिरायला परीक्षेत नुसतं नाव बरोबर लिहिलं तरी पुरत होतं. सगळ्यांची गुणपत्रकं आक्काच फायलीला लावत, त्यामुळं हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी ठरवलं नव्वद पर्सेंटाइल. म्हणजे परीक्षेला बसलेल्या दर शंभरांतल्या नव्वदांच्या पुढं जायचं.

"एवढं कशाला, आक्का?"

त्यांनी टेबलावरचं माहितीपत्रक उघडून ओळ दाखवली: 'आमचे विद्यार्थी देशातील सर्वोत्तम दहा टक्क्यांतून निवडले जातात.'

"दरसाल हे मीच टाइप करते, सर. येकबी तसला पोरगा आलेला न्हाय. एकदा तरी हे खरं व्हायला नको?"

रविवारी बेळगावला क्लास लावला. निपाणीहून सकाळची बस, डब्यात भाकरी आणि खर्डा. क्लासच्या सरांनी पहिल्या दिवशी त्यांना पाहून नम्रपणे सांगितलं, "मुलाला आत पाठवा, तुम्ही खाली बसा." आक्का म्हणाल्या, "मुलगा पुण्याला हाय, त्यो कशाला येतोय?" आणि पहिल्या बाकावर बसल्या. त्या सरांचा सगळा भर शॉर्टकटवर होता. ते फळ्यावर शॉर्टकट लिहायला लागले की आक्का उत्तर सांगून मोकळ्या होत. तिसऱ्या रविवारी सरांनी त्यांना विनंती केली की उत्तर मनात ठेवावं, बाकीच्यांनीही फी भरलेली आहे.

परीक्षेच्या दिवशी मात्र दारातच अडलं. अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटेना. सात वेळा दाबून झाला. पर्यवेक्षक घाबरून म्हणाला, "मॅडम, यंत्र म्हणतंय तुम्ही तुम्ही नाही."

"लहानपणी विड्या मोजून मोजून घासून गेलाय त्यो. मी समोर हुबी हाय, ती दिसत न्हाय का तुला?"

शेवटी करंगळीचा ठसा लागला. निकाल आला एकतीस. कार्यालयात सगळे आपापल्या फायली चाळायला लागले. आक्का मात्र कागद निरखत होत्या.

"म्हंजे शंभरातल्या एकतीस जणांच्या पुढं हाय मी. बिचारे कोण असतील वो ते?"

गणितात त्या बुडाल्या नव्हत्या. घात केला इंग्रजीच्या उताऱ्यांनी. दुसऱ्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना उतारे शिकवायला लागलो आणि त्या मला. एकदा असा उतारा आला: कारखान्याच्या मालकानं निम्मे कामगार कमी केले आणि उत्पादन कसं वाढलं याचं वर्णन. खाली प्रश्न, लेखकाचा सूर कोणता? आक्कांनी 'टीकेचा' यावर खूण केली.

"आक्का, लेखक कौतुक करतोय त्याचं."

"त्याला कळत न्हाय, सर. निम्मी माणसं घरला गेली, त्यात कौतुक कसलं?"

"पण तुमचं मत विचारलेलं नाही."

"मग माझ्याकडनं फी घेऊन कशाला विचारत्यात?"

महिनाभर हाच झगडा चालला. मग एके दिवशी त्यांनी सलग दहा उतारे बिनचूक सोडवून आणले. मी थक्क झालो. आक्का हळू आवाजात म्हणाल्या, "युक्ती सापडली. उतारा वाचताना मी आपले डायरेक्टर हाय असं धरते. सगळं बरोबर येतंय."

त्या वर्षी बहात्तर आले. आमच्या त्या वर्षीच्या एकाही विद्यार्थ्याचे तेवढे नव्हते. बातमी फिरली आणि मुलं खिडकी नंबर एकपाशी जमायला लागली. अर्जाच्या पाठकोऱ्या कागदांवर आक्का टक्केवारी समजावत. गजांच्या अलीकडं आक्का, पलीकडं मुलं. आमच्या वर्गांपेक्षा तिथली हजेरी चांगली होती. डायरेक्टरांनी लगोलग परिपत्रक काढलं: 'कर्मचाऱ्यांनी कार्यालयीन वेळेत अभ्यास करू अथवा करवू नये.' आक्कांनी त्यावर आवक क्रमांक घातला, फायलीला लावलं आणि खिडकीबाहेर चिठ्ठी चिकटवली, 'शिकवणी दुपारी दीड ते दोन.' जेवणाची सुट्टी कार्यालयीन वेळेत मोडत नाही, हा नियम त्यांनीच मागं टाइप केला होता.

तिसऱ्या खेपेला एक्याण्णव आले.

निकाल त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितला नाही. माहितीपत्रक काढलं, त्या ओळीखाली पट्टी ठेवून पेन्सिलीनं सरळ रेघ मारली आणि बंद केलं. डायरेक्टरांना मात्र राहवेना. आठवड्याच्या आत हायवेवर ट्रकएवढं फ्लेक्स लागलं. कन्नड वर ठळक, खाली इंग्रजी, मराठी कोपऱ्यात, आणि मधोमध आक्का. कुणीतरी त्यांचा चष्मा पुसून टाकला होता आणि वय वीस वर्षांनी कमी केलं होतं. मजकूर होता, 'आमची विद्यार्थिनी, आमचा अभिमान', आणि खाली 'एक्याण्णव पर्सेंटाइल'. यजमान दुकानातून मुद्दाम स्कूटरवर बघायला आले. बराच वेळ बघितल्यावर म्हणाले, "ही कोण?"

आता राहिला होता प्रत्यक्ष प्रवेश. नोकरी सांभाळून करायच्या एमबीएचा अर्ज आक्कांनी भरला, खिडकीच्या बाहेरच्या बाजूनं रीतसर आत सरकवला, वळसा घालून आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि तपासला. त्यांनी बी. कॉम. केलं होतं तिकडच्या, म्हणजे महाराष्ट्रातल्या विद्यापीठातून. निपाणीच्या मुलांना ते जवळ पडायचं. पदवी दुसऱ्या राज्यातली म्हणून आता पात्रतेचा दाखला लागत होता आणि तो नव्हता. त्यांनी लाल शाईनं 'अपुरा' असं लिहिलं आणि स्वतःचा अर्ज बाजूला काढून ठेवला.

डायरेक्टर हसले. "मॅडम, घ्या चालवून. नंतर जोडा."

"न्हाय साहेब. गेल्या साली नंदगडची एक पोरगी आलती, रेणुका. तिचाबी ह्योच कागद नव्हता. तिला मी परत पाठवली." आक्कांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "ती फिरून आलीच न्हाय."

दाखल्यासाठी त्या तीन वेळा इकडच्या विद्यापीठात गेल्या. पहिल्यांदा तिथल्या बाईंनी छायाप्रत साक्षांकित नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा आडनावात 'चौगुले' आणि 'चौगले' असा फरक आहे म्हणून. तिसऱ्यांदा कागद मिळाला. परत आल्यावर आक्कांनी तो अर्जाला जोडला. दुपारी माझ्यासमोर डबा उघडून तशाच बसल्या.

"त्या बाईंचं काय चुकलं न्हाय, सर. मी जे करते तेच केलं त्यांनी. पण तिसऱ्या बारीला बसमधनं उतरताना माझे पाय निघंनात. माझ्याकडं पगार हाय, घर हाय, तरीबी. ती पोरगी तर नंदगडासनं तीन बस बदलून आलती. पुन्हा कशी येईल ती?"

पुढच्याच रविवारी त्या नंदगडला गेल्या. जुना अर्ज फायलीत होता, त्यावर पत्ता होता. रेणुका खानापुरात मोबाईलच्या दुकानात लागली होती. तिनं आधी ओळखच दाखवली नाही. मग म्हणाली, "तुम्हीच न्हवं त्या खिडकीतल्या?" आक्का म्हणाल्या, "व्हय, मीच." त्यापुढं काय बोलणं झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पण त्या दिवसानंतर खिडकी नंबर एकमधून एकही अर्ज परत गेला नाही. कागद नसला तर आक्का अर्ज ठेवून घेत, यादी करत आणि स्वतः फोन लावत. जुने शिपाई म्हणायचे, आक्का थकल्या वाटतं.

मग मुलाखत झाली. मंडळात डायरेक्टर, संस्थेचे एक विश्वस्त आणि नोंदी लिहायला मी. विश्वस्तांची मेहुणी तेव्हा नुकतीच एमबीए होऊन घरी बसलेली होती आणि रजिस्ट्रारची खुर्ची रिकामी होती. या दोन गोष्टींचा संबंध सगळ्या कॉलेजला माहीत होता. आक्का एमबीए झाल्या असत्या तर तो संबंध बिघडला असता.

डायरेक्टरांनी विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं बघता?"

"पाच वर्षांनी मी रिटायर झालेली असते, साहेब. तुम्ही कुठं असाल?"

डायरेक्टरांचा करार दर दोन वर्षांनी नवा करावा लागायचा. त्यांनी पाणी मागवलं.

"तुमचा सगळ्यात मोठा दोष?" विश्वस्तांनी विचारलं. या प्रश्नाला मुलं 'मी फार मेहनत करतो' असलं काहीतरी सांगतात. शिकवलेलं मीच असतं.

आक्का म्हणाल्या, "वीस वर्षं कागद बघितला, माणूस बघितला न्हाय."

संध्याकाळी यादी लागली. साठ जागा, निवडलेले चोवीस. चोविसाव्या नावाखाली रेघ आणि रेघेखाली 'प्रतीक्षा यादी क्रमांक एक: सुमन चौगुले'. शेरा होता, 'व्यक्तिमत्त्वात लवचिकतेचा अभाव'. छत्तीस जागा रिकाम्या असताना प्रतीक्षा कशाची, हे डायरेक्टरांना विचारावं असं माझ्या मनात आलं. मनातच राहिलं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. त्या यादीवर तिसरी सही माझी आहे.

यादी नोंदीसाठी खिडकी नंबर एकवरच जायची होती. मी ती गजांतून आत सरकवली आणि दुसरीकडं बघत उभा राहिलो. आक्कांनी शेवटपर्यंत वाचली. मग कागद माझ्याकडं वळवून सहीशेजारी बोट ठेवलं.

"सर, सही केलासा. तारीख राहिली."

मी तारीख घातली. त्यांनी क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि नेहमीसारखं स्टूल पुढं ओढलं. मला तिथं बसवेना. काम आहे म्हणून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डायरेक्टरांना जावक क्रमांकासह पत्र लिहिलं: 'हायवेवरील फलकात मला विद्यार्थिनी म्हटले आहे. मी प्रतीक्षा यादीत असल्याने सदर मजकूर चुकीचा आहे. दुरुस्ती व्हावी.' दुरुस्ती झाली. विद्यार्थिनीची ओळ झाकून आक्कांच्या चेहऱ्यावर डायरेक्टरांचा फोटो चिकटवण्यात आला. खालचे एक्याण्णव पर्सेंटाइल तसेच राहिले. वर्षभर लोक डायरेक्टरांचं अभिनंदन करत होते आणि ते स्वीकारत होते.

मेहुणीबाई रजिस्ट्रार झाल्या. त्यांना काम आक्कांनीच शिकवलं, न चिडता, महिनाभर. मग स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. त्यात एकही त्रुटी नव्हती, त्यामुळं तो त्याच दिवशी मंजूर करावा लागला. मीही थोड्या दिवसांनी बेळगावच्या एका कॉलेजात गेलो. निरोपाला त्यांच्या घरी जाईन म्हणत राहिलो. गेलो नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्याच दारात. बहिणीच्या मुलीला सोडायला गेलो होतो, बेळगावच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजवर केंद्र होतं. ती आत गेली, मी रस्त्यापलीकडं थांबलो. फाटक बंद व्हायला दोन-तीन मिनिटं होती. तेवढ्यात रिक्षातून सुमनआक्का उतरल्या आणि त्यांच्यामागून एक मुलगी. ती रेणुका, हे मला न सांगता कळलं. परीक्षेचा निकाल वर्षभरच चालतो, तेव्हा दुसऱ्या कुठल्या कॉलेजसाठी दोघी नव्यानं बसत होत्या. काकतीजवळ बस बंद पडली होती. त्यात धावपळीत रेणुकाच्या प्रवेशपत्रावरचा फोटो निघून पडला होता. फाटकावरचे पन्नाशीचे रखवालदार कागद बघून मान हलवत होते.

"फोटो नाही, आत सोडता येत नाही."

आणि मग मी सुमनआक्कांना आयुष्यात पहिल्यांदा नियमाविरुद्ध भांडताना पाहिलं. हात जोडून, पदर खोचून, आधी मराठीत, मग कन्नडमध्ये.

"अण्णा, पोरगीचं तोंड बगा की! कागदावर न्हाय, पण तिच्या मानंवर हाय न्हवं? आधार कार्डावर फोटो हाय, ताडून बगा. एकदा ही माघारी गेली हाय. आता न्हाय जायची. सोडा तिला, वाटलं तर मला लिहून घ्या."

रखवालदारांनी आत फोन लावला. पलीकडून कुणीतरी काहीतरी विचारलं, यांनी काहीतरी सांगितलं. शेवटी कार्ड ताडून रेणुकाला आत घेतलं. ती पळत सुटली. तोवर वेळ झाली होती. फाटक लागलं तेव्हा आक्का बाहेर होत्या. हातात त्यांचं स्वतःचं प्रवेशपत्र, फोटोसकट, सगळं बिनचूक.

मी पुढं व्हायला हवं होतं. रस्ता ओलांडून मी चार पावलं अलीकडंच थांबलो. आक्कांनी रेणुका इमारतीत शिरेपर्यंत पाहिलं, मग प्रवेशपत्राची घडी करून पिशवीत ठेवली. रखवालदार ओशाळून गजांमागून म्हणाले,

"आक्का, तुमचं एक वर्ष गेलं की वो."

"जाऊ द्या. तुम्ही किती शिकलासा?"

"बी. ए. झालोय. लई वर्षं झाली."

"बी. ए. चालतंय ह्याला," आक्का म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून पेन काढलं, पाठकोरा कागद फाटकाच्या गजावर टेकवला आणि विचारलं, "टक्केवारी येती का तुम्हाला?"